ट्रक निघाला आगगाडीने!

दवनीवाड्याच्या दोस्तांनो, धान निघालं की गोंदियाच्या राइस मिलांकडे ट्रकांची कशी ये-जा सुरू होते, ते तुम्ही पाहताच. आता कल्पना करा, असाच एखादा भरलेला ट्रक माल, चाकं, केबिन आणि ड्रायव्हरकाका यांच्यासकट मालगाडीवर चढून बसला, तर?

हे खरंच घडतं, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. रायगड जिल्ह्यातलं कोलाड आणि गोव्यातलं वेर्णा यांच्यामध्ये कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 रोजी ही सेवा सुरू केली. तिचं नाव ‘रो-रो’. म्हणजे ट्रक चाकांवर चालत गाडीत चढतो आणि चाकांवर चालतच उतरतो. ना क्रेन लागते, ना हमाल.

चढतो कसा, ते मोठं मजेशीर आहे. गाडीच्या एका टोकाला उतार बांधलेला असतो. ट्रक त्यावरून पहिल्या वॅगनवर येतो आणि तिथून दुसऱ्या, तिसऱ्या असं करत पार पुढपर्यंत जातो. दोन वॅगनच्या मधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकलेले असतात. दोन्ही बाजूंना कठडा नाही, त्यामुळे स्टिअरिंग अगदी सरळ धरावं लागतं. ट्रक जागेवर आला की चाकांना पुढून-मागून अडण लावायची आणि साखळदंडांनी ट्रक आवळून टाकायचा. त्याआधी त्याची उंची तपासलेली असते. का? कारण डोक्यावर 25,000 व्होल्टची तार आहे, आणि वाटेत बोगदेच बोगदे आहेत! रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा. एरवी घाटांत घामाघूम होणारे ड्रायव्हरकाका त्यातून आरामात बसून जातात. डिझेल वाचतं, टायर झिजत नाहीत आणि महामार्गावरची गर्दीही तेवढी कमी होते.

2025 च्या गणपतीत तर कोकण रेल्वेने मोटारगाड्यांसाठीही अशी सेवा सुरू केली. 20 वॅगन, प्रत्येकीवर 2 मोटारी, म्हणजे एका खेपेला 40! माणसांनी मात्र मोटारीत बसायचं नाही. त्यांच्यासाठी गाडीला वेगळा डबा.

इतकं सोयीचं आहे, तर सगळेच ट्रक रेल्वेने का जात नाहीत? इथे वजनाचा हिशेब आडवा येतो. समजा, ट्रकमध्ये 15 टन तांदूळ आहे. ट्रकचं स्वतःचं वजन 10 टनांच्या आसपास, आणि खालच्या सपाट वॅगनचं 20 टनांहून जास्त. म्हणजे 15 टन तांदळासाठी इंजिनाने 30 टन नुसतं लोखंड ओढायचं! बंडी हलकी असली तर तेच बैल जास्त पोती नेतात, हे शेतकऱ्याच्या पोरांना कोणी शिकवायला नको. म्हणून जगभरचे इंजिनिअर एकाच प्रश्नाच्या मागे लागले: वॅगनमधलं कुठलं लोखंड काढून टाकता येईल?

अमेरिकेतल्या सँटा फे रेल्वेने 1970 च्या दशकाच्या शेवटी मला फार आवडलेलं एक उत्तर शोधलं. त्यांनी विचार केला, ट्रकच्या मागे जोडलेला, माल भरायचा ट्रेलर काही सगळ्या वॅगनवर लोळत नाही. तो टेकतो फक्त मागच्या चाकांवर आणि पुढच्या आधारावर. मग मधली फळी हवी कशाला? काढून टाका! उरली मधोमध जाणारी एक मजबूत पोलादी तुळई आणि चाकांपुरती जागा. शिवाय असे दहा सांगाडे त्यांनी कायमचे एकमेकांना जोडले आणि शेजारच्या दोन सांगाड्यांना मिळून एकच बोगी दिली. बोगी म्हणजे खालचा चार चाकांचा संच. साध्या वॅगनला दोन बोग्या, म्हणजे 8 चाकं; दहा वॅगनना 80. या दहांच्या जोडगाडीला बोग्या फक्त 11, म्हणजे 44 चाकं. 36 चाकांचं वजन गेलं की नाही?

काहींची मजल त्याच्याही पुढे गेली. ते म्हणाले, वॅगनच नको! ट्रेलरची रस्त्यावरची चाकं वर उचलायची, त्याला थेट बोगीवर बसवायचं आणि त्याच्या मागे पुढचा ट्रेलर अडकवायचा. हा रोडरेलर. अमेरिकेत 1950 च्या दशकात आलेल्या पहिल्या रोडरेलरला रेल्वेची चाकंही कायमचीच जोडलेली असत. ते ओझं रस्त्यावरही वाहावं लागे, म्हणून नंतरच्या प्रकारांत बोगी रुळांवरच ठेवायची सोय झाली. भारतासाठी असे रोडरेलर बनवले पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने. पण यातही एक मेख आहे. अख्ख्या गाडीची ओढ ट्रेलरच्याच अंगावर येते, म्हणून तो साध्या ट्रेलरपेक्षा दणकट, आणि त्यामुळे जडही, करावा लागतो. रुळांवर वाचवलेलं थोडं वजन असं रस्त्यावर परत येतं. अमेरिकेतली शेवटची रोडरेलर गाडी 2024 मध्ये बंद झाली. मला स्वतःला ही युक्ती अजून संपलेली वाटत नाही. हलकं पण दणकट काहीतरी तुमच्यापैकीच कोणी शोधून काढेल.

सँटा फेच्या त्या सांगाड्यांचं एक भावंड तुम्हाला गोंदिया जंक्शनवर बघता येईल. हावडा-मुंबई मार्गावरून कंटेनरच्या मालगाड्या जातात. एखादी रिकामी वॅगन दिसली तर नीट बघा: तिला तळच नाही, आरपार खालचे रूळ दिसतात! तिची चाकंही छोटी, 840 मिलिमीटर व्यासाची. नेहमीच्या मालडब्याची 1,000 मिलिमीटरची. त्यामुळे तिची बैठक सुमारे 26 सेंटीमीटर खाली येते आणि उंच कंटेनर तारेपासून लांब राहतो. फलाटावर मागे उभं राहूनच बघायचं बरं का, आणि शेजारी कोळशाची वॅगन उभी असेल तर दोघींची चाकं ताडून पाहा.