झाकलेले शस्त्र : निवडीचा विवेक

लेखमाला : नागरिक आणि शस्त्र — लेखांक ६

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नागरिकाला शस्त्र झाकून जवळ बाळगण्याची मुभा कोणत्या राज्यात कोणत्या अटींवर मिळते, तिच्यासाठी अर्ज कोठे करावा लागतो, आणि २०२२ साली न्यूयॉर्कच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अंमलदारांच्या मर्जीवर सोडलेला हा परवाना त्यांच्या मर्जीतून कसा काढून घेतला, याचे विवेचन गेल्या लेखांकात झाले. आता ज्याच्या हाती तो परवाना पडला आहे, अथवा ज्या राज्यात परवान्याचीही अट उरलेली नाही तेथे जो राहतो, अशा इसमापुढे पुढचा आणि माझ्या मते अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. तो म्हणजे दुकानाच्या काचेमागे ओळीने मांडलेल्या अनेक हातबंदुकांपैकी आपण कोणती घ्यावी. नवशिका ग्राहक बहुधा सर्वांत लहान आणि सर्वांत हलकी वस्तू उचलतो, आणि येथेच त्याची फसगत होते. कारण जे गुण शस्त्र झाकण्यास उपकारक ठरतात, नेमके तेच गुण ते चालविण्यास अपकारक असतात. या एका विरोधाचे स्वरूप नीट समजले तर निवडीचे बाकीचे सारे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

झाकता येईल असे शस्त्र घडविण्याचा उद्योग जुना आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराने केलेली मुठीत मावणारी एकबारी पिस्तुले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्धी पावली होती, आणि १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी अशाच एका पिस्तुलातून सुटली होती. पुढे जॉन ब्राउनिंग या असामान्य कल्पकाने आखलेले कोल्ट कंपनीचे १९०३ सालचे खिशातले पिस्तूल बाजारात आले; त्याचा घोडा वरच्या सरकत्या भागाच्या आत दडवलेला असल्यामुळे खिशातून काढताना कापडात काहीही अडकत नसे, आणि झाकण्याच्या शस्त्राला बाहेर आलेले कोन व टोके नसावीत हा आजही मानला जाणारा नियम त्याने घालून दिला. १९५० साली स्मिथ अँड वेसन कंपनीने पाच गोळ्यांचे आखूड नळीचे .३८ रिव्हॉल्व्हर काढले, आणि त्याच वर्षी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत त्याचे ‘चीफ्स स्पेशल’ असे नामकरण झाले. सहाव्या गोळीचा त्याग करून सिलिंडरचा घेर कमी करावा, ही त्यामागची तजवीज होती. किंचित फेरबदल होऊन त्या घराण्यातील रिव्हॉल्व्हरे आजही तयार होतात, यावरून तिचे यश ध्यानात यावे.

त्यानंतरच्या काळात या शस्त्रांना वळण लावण्यात कारागिरांइतकाच कायद्याचाही हात आहे. १९८७ साली फ्लोरिडा राज्याने असा कायदा केला की, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या अर्जदारास परवाना नाकारण्याचा स्वेच्छाधिकार अंमलदारास राहू नये. त्याचे अनुकरण एकामागून एका राज्याने केले आणि झाकून बाळगावयाच्या शस्त्रांचे गिऱ्हाईक वाढले. मग १९९४ साली संघराज्याच्या कायद्याने दहापेक्षा अधिक काडतुसांची नवी मॅगझिने नागरिकांना विकण्यास दहा वर्षांसाठी मनाई केली. मोठ्या पिस्तुलातही दहाच गोळ्या बसावयाच्या असतील तर पिस्तूल मोठे कशाला ठेवावे, असा हिशेब तेव्हा ग्राहकांनी आणि कारखानदारांनी केला, आणि लवकरच ग्लॉक कंपनीचे ‘२६’ क्रमांकाचे दहा गोळ्यांचे आखूड पिस्तूल लोकप्रिय झाले. २०१८ साली सिग सॉअर कंपनीने ‘पी ३६५’ हे पिस्तूल आणले. सुमारे पाचशे ग्रॅम वजनाच्या आणि जेमतेम एक इंच जाडीच्या या शस्त्रात ९ मिलिमीटरची दहा काडतुसे मॅगझिनमध्ये मावतात हे पाहून प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही आपापले आराखडे बदलावे लागले.

इतके झाले तरी पदार्थविज्ञानाचा एक नियम कोणत्याही कारखान्याला बदलता आलेला नाही, आणि त्याची ओळख ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी करून घेतली पाहिजे. गोळी पुढे जितक्या संवेगाने सुटते तितक्याच संवेगाने शस्त्र मागे येते. ९ मिलिमीटरची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटर वेगाने सुटली असे धरू आणि दारूच्या वायूंचा हिशेब सोपेपणासाठी बाजूस ठेवू. मग सहाशे ग्रॅमचे शस्त्र सेकंदाला सुमारे ४.७ मीटर वेगाने हातावर आदळते आणि त्या धक्क्यात साधारण साडेसहा ज्यूल ऊर्जा असते. शस्त्राचे वजन निम्मे, म्हणजे तीनशे ग्रॅम केले तर वेग दुप्पट होतो आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट, म्हणजे तेरा ज्यूल होते. कमरेवरून उतरवलेले ओझे अशा रीतीने प्रत्येक बारागणिक मनगटावर परत येऊन बसते. ज्याला दहा बारांतच मनगट दुखू लागते तो सराव टाळतो, आणि सरावावाचून बाळगलेले शस्त्र मालकाला निराधार आत्मविश्वास देते व रस्त्यावरच्या निरपराध माणसांना धोका.

नेमाची गोष्टही अशीच आहे. नेम धरणारा मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणतो. या दोहोंतील अंतर जितके कमी तितकी डोळ्याची चूक मोठी होऊन लक्ष्यावर उमटते. हे अंतर १६५ मिलिमीटर असलेल्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलात माशी एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरांवर गोळी सहा सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १०० मिलिमीटर असलेल्या खिशातल्या शस्त्रात ती दहा सेंटिमीटर बाजूला जाते. आखूड नळीमुळे गोळी वाकडी सुटते अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती खरी नव्हे. यंत्रात ठोकून बसवले तर लहान पिस्तूलही चांगले अचूक ठरते, परंतु ते माणसाच्या हातात असते आणि माणसाच्या हाताला अचूकतेसाठी आधार लागतो.

तो आधार देणारा भाग म्हणजे दस्ता, आणि झाकण्याचा सगळा झगडा वस्तुतः या दस्त्याशीच आहे. ग्राहक नळीच्या लांबीकडे पाहतो; पण कमरेच्या आत, पट्ट्याखाली शस्त्र खोवले म्हणजे नळी विजारीच्या आत जाते व तिची लांबी कोणाच्या दृष्टीस पडत नाही, उलट किंचित लांब नळीमुळे शस्त्र पट्ट्यावर अधिक स्थिर राहते. वर उरतो तो दस्ता. वाकताना, वळताना सदऱ्याला टोचून बाहेरून ओळखू येतो तो त्याचा खालचा कोपरा. दस्ता आखूड केला तर ही अडचण सरते, परंतु मग करंगळीला व कधी अनामिकेलाही धरावयास जागा उरत नाही. रूगर कंपनीचे २००८ साली निघालेले ‘एलसीपी’ पिस्तूल पावशेराच्या आसपास वजनाचे असून विजारीच्या खिशात सहज मावते, त्याचे .३८० काडतूसही तुलनेने सौम्य आहे. तरीही अननुभवी माणसाला ते हातातून निसटल्यासारखे भासते, कारण दस्त्यावर पकड दोनच बोटांची असते. म्हणून जाडी कमी असलेले आणि दस्ता तीन बोटांना पुरेल इतका असलेले पिस्तूल, आखूड पण जाड पिस्तुलापेक्षा बहुतेकांना अधिक उपयोगी पडते.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा वाद जुना आहे आणि त्याचा निकाल माणसागणिक निराळा लागतो. रिव्हॉल्व्हरची रचना समजण्यास सोपी आहे. एखादे काडतूस पेटले नाही तर पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस घोड्यासमोर येते, आणि कोटाच्या खिशात दाबून धरलेले असतानाही ते चालते. परंतु त्याचा चाप ओढावयास पाच किलोच्या वर जोर लागतो आणि शस्त्राचे वजन मात्र चारशे-साडेचारशे ग्रॅम असते, त्यामुळे चाप ओढता ओढताच नेम हलतो. आधुनिक पिस्तुलाचा चाप अडीच किलोच्या सुमारास सुटतो व गोळ्या दुप्पट असतात. पण त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढून पहिले काडतूस नळीत चढवावे लागते, आणि लहान पिस्तुलांत ही स्प्रिंग कडक असल्यामुळे वृद्धांना, सांधेदुखीने त्रस्त झालेल्यांना व ज्यांच्या पंजात बळ कमी आहे त्यांना ते दुष्कर होते. शिवाय मनगट सैल राहिले तर सरकता भाग पुरता मागे न जाता काडतूस मध्येच अडकते. दुकानदाराने स्त्रीग्राहकापुढे सर्वांत हलके रिव्हॉल्व्हर ठेवावे, ही तिकडची जुनी प्रथा मला अन्यायाची वाटते, कारण धक्का सर्वाधिक देणारे शस्त्रच तिच्या पदरात टाकले जाते.

आपल्याकडील एक उदाहरण येथे अप्रस्तुत होणार नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ हे टायटेनियमच्या मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून विक्रीस काढले. त्याचे वजन ५२५ ग्रॅम आणि काडतूस .३२ चे. भारतातील सामान्य परवानाधारकास ९ मिलिमीटर व .३८ ही काडतुसे निषिद्ध असल्याने बहुधा .३२ हाच मार्ग राहतो, आणि एवढ्या वजनातून इतके सौम्य काडतूस सुटल्यावर हाताला होणारा त्रास बेताचा असतो. अमेरिकेत असे बंधन नसल्यामुळे तेथील ग्राहकाला संयम स्वतःच पाळावा लागतो. १९८६ साली मायामी येथे फेडरल तपास खात्याच्या अधिकाऱ्यांची दरोडेखोरांशी जी चकमक झाली, तिच्यानंतर त्या खात्याने मोठ्या काडतुसांची वाट धरली होती. परंतु गोळीच्या घडणीत सुधारणा झाल्यावर पुढे तेच खाते ९ मिलिमीटरकडे परतले. ज्या काडतुसाचे बार माणूस ताब्यात ठेवू शकतो आणि ज्याचा सराव त्याच्या खिशाला परवडतो तेच त्याला योग्य, हा या अनुभवाचा सारांश आहे.

शस्त्राइतकाच विचार म्यानाचा करावा लागतो, आणि स्वस्त म्यान घेऊन केलेली काटकसर प्राणघातक होऊ शकते. चापाभोवतीची कडी पूर्णपणे झाकणारे, न दबणारे व शस्त्र घट्ट धरून ठेवणारे म्यान हवे. सैल पिशवीत, किल्ल्या व नाण्यांबरोबर खिशात अथवा नुसते कमरेला खोवून शस्त्र बाळगणे हा गुन्हा नसेल तेथेही अविचार आहे. पिस्तूल म्यानात परत घालताना सदऱ्याचे टोक किंवा जाकिटाची दोरी चापात अडकून बार उडाल्याने माणसे स्वतःच्याच मांडीत गोळी घालून घेतात. म्हणून पिस्तूल घेताना त्याच्यासाठी उत्तम म्यान आणि त्याचे वजन पेलणारा ताठ पट्टा मिळतो की नाही हे आधी पाहावे, आणि दिवसभर बसणे, उठणे, गाडी चालविणे हे सर्व करून त्याची परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेत बंदूक रिकामी असावी हे सांगणे न लगे.

अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या आपल्या मराठी बांधवांना दोन गोष्टी निक्षून सांगणे माझे कर्तव्य आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्या परकीय नागरिकास तेथील संघराज्याच्या कायद्याने, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे थोडे अपवाद वगळता, बंदूक वा काडतुसे बाळगण्याचीच मनाई आहे. कायम वास्तव्याचा अधिकार मिळाल्यावर ही मनाई उठते. आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. आपली माणसे मोठ्या संख्येने जेथे वसली आहेत ते न्यू जर्सी राज्य तर परराज्याचा परवाना मुळीच मानत नाही, आणि पेनसिल्व्हेनियातून पूल ओलांडून आलेला निरुपद्रवी गृहस्थही तेथे गंभीर गुन्ह्याचा आरोपी होऊ शकतो.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा. प्रथम, आपल्याला शस्त्राची गरज आहे का याचा शांतपणे विचार करावा; तेथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि घरात कोणी खिन्न मनःस्थितीत असेल किंवा मुले लहान असतील तर कुलूपबंद पेटीची व्यवस्था शस्त्राच्या आधी झाली पाहिजे. दुसरे, नेमबाजीच्या मैदानांवर बंदुका भाड्याने मिळतात. तीन-चार प्रकारांचे प्रत्येकी पन्नास बार स्वतः काढून पाहिल्यावाचून एकही विकत घेऊ नये. तिसरे, त्यांतून जी आपल्या पोशाखात दिवसभर न अडता राहते अशांपैकी सर्वांत लहान नव्हे, तर सर्वांत मोठी निवडावी. वाचकांनी ही तिसरी कसोटी विशेष ध्यानात ठेवावी. लपविण्याची सोय थोडी कमी पडली तर सदरा बदलून निभावते, परंतु ताबा कमी पडला तर सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही, आणि तिचा जबाब कायद्यापुढे व स्वतःच्या सदसद्विवेकापुढे बाळगणाऱ्यालाच द्यावा लागतो.

(पुढील लेखांकात : घरातील शस्त्राची साठवण आणि कुटुंबाची सुरक्षितता)