सल्ल्याच्या वाटा

कचेरीच्या भिंतीवर हुद्द्यांचा जो तक्ता टांगलेला असतो, तो हुकूम कोणत्या मार्गाने खाली येतो एवढेच सांगतो. काम अडले म्हणजे एखादा कारकून प्रत्यक्षात कोणाच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो, हे त्यावरून उमगत नाही. ते जाणण्याची जी पद्धत समाजशास्त्रज्ञांनी सिद्ध केली आहे, तिचा अवलंब एका मध्यम आकाराच्या संस्थेत होत असताना तो जवळून पाहण्याचा योग मला आला.

प्रत्येकाच्या हाती सर्व सहकाऱ्यांच्या नावांची यादी द्यावयाची आणि ‘कामातील अडचणीसाठी गेल्या महिन्यात आपण यांपैकी कोणाकोणाचा सल्ला घेतलात?’ एवढेच विचारावयाचे, असा हा प्रकार. प्रश्नाच्या शब्दयोजनेवर बराच काळ खर्च झाला, आणि ते योग्यच होते. कारण ‘आपले संबंध कोणाशी आहेत?’ असे मोघम विचारले, तर माणसे स्नेह, शेजार आणि वरिष्ठांविषयीचा आदर यांची सरमिसळ करून उत्तर देतात. उत्तरे मग चौकटींच्या कागदावर मांडतात: आडव्या ओळीत विचारणारा, उभ्या स्तंभात ज्याला विचारले तो. ओळ ही माणसाची स्वतःची कैफियत, स्तंभ ही त्याच्याविषयी इतरांनी दिलेली साक्ष. आणि या दोहोंत जी तफावत पडते, तीच मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

हिशेब आणि बांधकाम ही तेथील दोन खाती तक्त्याप्रमाणे केवळ संचालकांच्या खोलीत एकत्र येत. या चौकटींवरून, विचारणाऱ्याकडून सल्ला देणाऱ्याकडे बाण काढून तयार केलेल्या नकाशात मात्र त्यांना जोडणाऱ्या बहुतेक रेषा एका कनिष्ठ लिपिकापाशी मिळत होत्या. तो पूर्वी बांधकामात होता, आणि बदली होऊन हिशेबात आल्यावरही दोन्हीकडील लोक आपापल्या टिप्पण्या त्याच्याच नजरेखालून घालीत. त्याच्या स्वतःच्या ओळीत एखाद-दुसरेच नाव होते. स्तंभ भरगच्च होता. इतर कोणत्याही दोघांमधील सर्वांत जवळच्या वाटा ज्याच्यावरून जातात, त्याचे महत्त्व मोजण्याचे गणित लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडले. बाणांची दिशा बाजूस ठेवून ते लावले, तेव्हा हा लिपिक संचालकांच्याही वर गेला.

तक्त्याबाहेरच्या अशा संबंधांची नोंद पूर्वीही झाली आहे. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक बसवून कोण कोणाशी खेळतो, भांडतो, कोणाला हात देतो याची नोंद ठेवली गेली होती. परस्परांना मदत करणे तेथे नियमाला धरून नव्हते, तरी ती सर्वच करीत. कामाचा खरा आधार नियमावलीबाहेर असतो, याचा इतका स्वच्छ दाखला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मात्र सल्ल्याविषयीची ही चौकशी निनावी होऊ शकत नाही. नाव खोडले की नकाशाच नाहीसा होतो. ज्याने उत्तरच दिले नाही, तोही इतरांच्या उत्तरांतून कागदावर येतोच. ज्यांचे स्तंभ रिकामे आहेत त्यांची यादी वरिष्ठांनी मागितली, तेव्हा चौकशी करणाऱ्यांनी ती देण्यास निक्षून नकार दिला, आणि मला तो सर्वथा उचित वाटला. रिकामा स्तंभ नवख्याचा असतो, एकट्याने करावयाच्या कामाचाही असतो. त्यावरून कोणाची योग्यता ठरविणे अन्यायाचे आहे.

त्या लिपिकाच्या पुन्हा बदलीचा प्रस्ताव त्याच सुमारास विचाराधीन होता. नकाशा प्रथम त्याला एकट्याला दाखविण्यात आला, नाव उघड करण्यास त्याची लेखी संमती घेतली गेली. आणि त्यानंतरच तो प्रस्ताव दप्तरी दाखल होऊन दोन्ही खात्यांची पंधरवड्याची बैठक मुक्रर झाली.