शेणाचे मोल : पांजरापोळ आणि बांधकाम

आपले बांधव ज्या गावी पेढी घालून स्थायिक झाले, तेथे बहुधा पांजरापोळीसही त्यांनी हातभार लावला. दुभते जनावर आपला चारा दुधातून परत करते. परंतु पांजरापोळीत येते ते बहुधा भाकड, वृद्ध वा अपंग. ते दूध देत नाही, शेण मात्र अखेरपर्यंत देते. या शेणाचे मोल कसे वाढेल, याचा विचार आपण व्यापाऱ्यांनीच करावयास हवा.

शेणाचा बांधकामातील उपयोग धान्याच्या व्यापाऱ्यास नवा नाही. बांबूची वा तुराट्यांची कणगी शेणमातीने लिंपल्यावाचून धान्य भरण्याजोगी होत नसे. नुसती चिकणमाती वाळताना आकसते व तडकते. शेणात न पचलेल्या चाऱ्याचे बारीक तंतू असतात. ते मातीस धरून ठेवतात व भेगा रोखतात. भेग नाही तेथे किडीस थारा कमी. कीड उत्पन्न झाल्यावर औषध घालून मारण्यापेक्षा ती उत्पन्नच होऊ न देणे आपल्या धर्मास अधिक मानवते, आणि मालाची घटही टळते.

या जुन्या विद्येस आता नवे रूप आले आहे. रोहतकचे डॉ. शिवदर्शन मलिक यांनी शेण व जिप्सम यांच्या मिश्रणाचे ‘वैदिक प्लास्टर’ प्रचारात आणले. खादी व ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून केलेला ‘प्राकृतिक पेंट’ १२ जानेवारी २०२१ रोजी बाजारात आला. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेने तो सिद्ध केला. डिस्टेंपर व इमल्शन या दोन प्रकारांचा आरंभीचा भाव लिटरला अनुक्रमे १२० व २२५ रुपये होता.

आयोगाने त्या वेळी जनावरामागे वर्षास सुमारे ३०,००० रुपये जादा उत्पन्नाची आशा दाखविली. आम्ही हा आकडा आमच्या रीतीने ताडून पाहिला. एक जनावर दिवसास १० किलो शेण देते असे धरल्यास वर्षाचे ३,६५० किलो होते. छत्तीसगड सरकारने २० जुलै २०२० पासून किलोस २ रुपये दराने शेणखरेदी आरंभिली. त्या दराने ७,३०० रुपये येतात. तात्पर्य, कच्चे शेण विकून वर्षाचा चारा भागणार नाही. नफा असेल तो तयार मालात. मोठ्या आकड्याच्या भरवशावर कोणी आपली देणगी आखडती घेऊ नये.

मर्यादाही ध्यानात असाव्यात. शेणमातीचे लिंपण पावसाच्या माऱ्यास टिकत नाही. ते आतील भिंतींस व छपराखालीच शोभते, आणि वेळोवेळी नवे करावे लागते. यत्नाचाराचाही प्रश्न आहे. साचलेल्या ओल्या शेणात जीवोत्पत्ती होते. म्हणून ते ताजे असतानाच वापरावे अथवा तत्काळ उन्हात वाळवावे, आणि पाणी गाळूनच घ्यावे.

पांजरापोळींनी आरंभ आपल्याच गोठ्यांच्या भिंतींपासून करावा. माल पसंतीस उतरला, तर सभासदांनी आपल्या वखारींच्या आतील भिंतींसाठी पहिली मागणी नोंदवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.