गड आणि गाव : लेखांक ७
पाचाडचा उंबरठा

मागच्या आठवड्यात रायगडावरचे तलाव पाहिले. आज गड उतरून पाचाडात येऊ. ११ जुलै २०२५ला रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता येणाऱ्याला गडाची ओळख करून देणारं केंद्र कुठे आणि कसं बांधायचं, हा प्रश्न टाळता येणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: ते गडावर नको, पाचाडलाच हवं.

गडावरची गार हवा जिजाऊंना मानवेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला, असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ला, त्यांनी इथेच देह ठेवला. आज वाड्याची तटबंदी आणि जोती उरली आहेत. तिथल्या विहिरीपाशी मात्र जरा थांबा. काठावर दगडाचीच बैठक आहे आणि तिला टेकायला दगडी तक्क्या. म्हणून ही तक्क्याची विहीर. महाराज इथे बसून पाण्याला आलेल्या बायामाणसांची विचारपूस करत, असं म्हणतात. पाणी, टेकायला जागा आणि विचारपूस करणारं कुणीतरी. चढून-उतरून दमलेल्या माणसाला आधी एवढंच लागतं, आरसपानी फरशी आणि मोठा पडदा नंतर.

दुसरी गोष्ट पावसाची. रायगडावर सर्वांत मोठी गर्दी होते ती ६ जूनला, ऐन मृगाच्या तोंडावर. म्हणजे आराखडा पावसाळी गर्दीचाच हवा: चारी बाजूंनी खोल पडवी, उतरतं छप्पर, झड आत येणार नाही अशी भिंत. काचेचे दर्शनी भाग इथे एका पावसात शेवाळतील. महाड तालुक्यात वर्षाला तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटर छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे तीस लाख लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला तरी चोवीस लाख उरतं. ते टाक्यांत साठवलं, तर उन्हाळ्यात स्वच्छतागृहांसाठी गावाच्या पाण्याला हात लावावा लागणार नाही. आणि डोंगर कापून सपाटी करणं तर नकोच. २२ जुलै २०२१ला याच तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. इमारत उताराबरोबर टप्प्याटप्प्याने खाली उतरावी, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात.

इंग्लंडमध्ये स्टोनहेंजचं केंद्र २०१३मध्ये त्या शिळांपासून सुमारे अडीच किलोमीटर दूर बांधलं. शिळांपाशी उभं राहिलं की ते दिसतच नाही. पाचाडच्या केंद्राचीही गडावरून हीच परीक्षा घ्यावी, दिवसा आणि रात्रीच्या दिव्यांतसुद्धा.

सर्वांत जिव्हारी लागणारा अनुभव आपल्याच घरचा आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जातून भव्य अभ्यागत केंद्र झालं, आत लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडल्या. पुढे वीज-पाण्याची बिलं थकली आणि दारांना कुलूप लागलं. म्हणून पाचाडला केंद्र लहानच बांधावं. पाचाड-हिरकणीवाडीच्या मुलामुलींना माहितगार म्हणून पगारी कामावर घ्यावं, आणि कोनशिला बसवण्याआधी पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा पैसा बाजूला काढून ठेवावा. तेवढी तयारी नसेल, तर विहिरीजवळ एक सावलीची पडवी आणि स्वच्छ स्वच्छतागृहं बांधून थांबावं.