बीटी कपाशी आणि शेतातील मित्रकीटक

कपाशीच्या शेतात वावरणारा प्रत्येक कीटक शेतकऱ्याचा शत्रू नसतो. मावा फस्त करणारा ढालकिडा, बोंडअळीच्या अंड्यांवर उपजीविका करणारा ट्रायकोग्रामा हा सूक्ष्म परोपजीवी आणि परागीभवनास हातभार लावणारी मधमाशी हे त्याचे बिनपगारी राखणदारच होत. जनुकीय बदल केलेल्या पिकामुळे या मित्रकीटकांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाने बीटी कपाशीच्या लागवडीस मान्यता दिली. या कपाशीत जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातील पेशींना चिकटून तेथे छिद्रे पाडते व अळी मरते. मधमाशी व ढालकिडा यांच्या आतड्यावर ते असे कार्य करीत नाही. अमेरिकेत १९९९ साली बीटी मक्याच्या परागांमुळे मोनार्क फुलपाखराच्या अळ्या दगावल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले होते. तथापि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत प्रत्यक्ष शेतातील हा धोका अत्यल्प ठरला.

खरा धोका आडवाटेने येतो. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींना हे प्रथिन बाधत नाही. त्यांच्यासाठी फवारणी करावीच लागते. पुढे गुलाबी बोंडअळीही या प्रथिनास दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये तिने राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जे विष माणसास सोडीत नाही, ते मित्रकीटकांस कोठून सोडणार?

बीटी कपाशीभोवती बिगर बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा हेतू हाच होता. या ओळींत वाढलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक्षम अळ्यांची पैदास लांबते. परंतु त्यासाठी दिलेले बियाणे अनेक ठिकाणी पेरलेच गेले नाही.

सबब शेतकरी बांधवांनी बिगर बीटी झाडे राखावीत, फरदड घेऊ नये आणि कामगंध सापळे लावून किडीवर नजर ठेवावी. सापळ्यात सलग तीन दिवस प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास अथवा किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यासच शिफारशीत औषध फवारावे. अनावश्यक फवारणी टळली, तर खर्च वाचेल, राखणदारही वाचतील.