जनावर आजारी पडले. पैसा कोठे खर्चावा?

पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन हमरस्ते आळेफाटा येथे एकमेकांस छेदतात. कांद्याच्या गोण्यांनी लादलेली वाहने आणि दुधाच्या गाड्या या चौफुलीवर नित्याच्याच आहेत. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या या पट्ट्यात बागायतीच्या जोडीला दोन-चार संकरित गाई, दाराशी एखादी शेळी आणि राखणीस एक कुत्रा एवढे पशुधन पुष्कळ वस्त्यांवर आढळते. जवळच आळे येथे रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तो हा रेडा, अशी परंपरा सांगते. जनावरांविषयी जिव्हाळा येथे कोणी शिकवावा लागत नाही. अडचण असते ती पैशाची. गाय वैरणीला तोंड लावीत नाही, हाती पैसा बेताचा आहे, अशा वेळी डॉक्टरांना बोलवावे, दुकानातून औषधाची बाटली आणावी, की सकाळपर्यंत वाट पाहावी, हा प्रश्न पशुपालकापुढे रात्रीच्या वेळी गोठ्यात उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. आजार किती लवकर ध्यानात आला, ही ती गोष्ट होय. पहिल्या दिवशी एका भेटीत आटोपणारा आजार चौथ्या दिवशी सलाइनच्या बाटल्या मागतो. म्हणून बेताच्या मिळकतीच्या पशुपालकाने औषधापूर्वी निरीक्षणाची सवय लावून घ्यावी. तिला खर्च नाही.

निरोगी गाय खाणे झाल्यावर बसून रवंथ करते, तिची नाकपुडी ओलसर असते. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली असता पोटाची हालचाल दोन मिनिटांत दोन-तीन वेळा तरी हाताला जाणवते. ती जाणवत नसेल तर पोट मंदावले असे समजावे. घरात एक तापमापक असावा. तो गुदद्वारात, आतील भिंतीला टेकवून धरावा. गाईचे तापमान साधारणतः 101 ते 102 अंश फॅरनहाइट असते. 103 च्या वर गेल्यास ताप आहे असे धरून चालावे. व्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांच्या आत गाय बसकण मारते, मान कुशीकडे वळवते आणि तिचे कान गार लागतात, तेव्हा तो दुग्धज्वर असण्याचा संभव मोठा. नावात ज्वर असला तरी यात अंग तापत नाही, उलट गार पडते. रक्तातील चुना एकाएकी घटल्याने हे होते. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर मरणोन्मुख वाटणारी गाय बहुधा काही तासांत उठून उभी राहते. परंतु ते वेगाने गेल्यास हृदय बंद पडते, म्हणून हे काम शिकाऊ हाताचे नव्हे.

आळेफाटा परिसरात एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे आहे. कांद्याचा भाव कोसळला की चाळीतील निवडून काढलेला, कोंब फुटलेला माल गव्हाणीत पडतो. फुकटचे खाद्य म्हणून ते सोयीचे वाटते. पण कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि या बाबतीत गाय फार नाजूक आहे. शेळी-मेंढी त्या मानाने काटक. काही दिवस भरपूर कांदा खाल्लेल्या गाईची लघवी तांबूस किंवा काळपट होते, हिरड्या व पापण्यांचे अस्तर फिके पडते, ती थोड्या चालण्याने धापा टाकते. श्वासाला कांद्याचा दर्प येतो. असे दिसताच कांदा तत्काळ बंद करावा, गाईला सावलीत शांत ठेवून चांगली वैरण द्यावी आणि डॉक्टरांना बोलवावे. त्यांना कांदा चारल्याची हकीकत आवर्जून सांगावी. तांबडी लघवी गोचिडांपासून होणाऱ्या तापातही होते आणि स्फुरदाच्या उणिवेनेही होते; तिन्हींचे उपचार वेगळे. घरच्या माणसाने लाजेपोटी ही एक गोष्ट दडविली तर तपासण्यांवर व चुकीच्या औषधांवर पैसा जातो. कांदा द्यावयाचाच असेल तर चिरून, थोडा थोडा, वैरणीत मिसळून द्यावा. सडका, बुरशी आलेला मुळीच नाही, आणि गाभण गाईस न दिलेलाच बरा. अखंड कांदा किंवा बटाटा अन्ननलिकेत अडकून गाय फुगल्याचेही प्रसंग येतात. अशा गाईच्या तोंडातून लाळ गळत राहते व ती वारंवार मान ताणते. तिला तेल किंवा पाणी पाजू नये. ते फुप्फुसात उतरते.

एरवी कोवळा, दहिवरलेला लसूणघास खाऊन झालेल्या पोटफुगीत पाव ते अर्धा लिटर गोडेतेल पाजण्याचा जुना उपाय उपयोगी आहे. त्यातही जबडा फार वर उचलू नये, घोट घोट पाजावे, ठसका लागताच हात आवरावा. आजारावर पाजलेले औषधच श्वासनलिकेत जाऊन जनावर दगावावे, यासारखी दुर्दैवी गोष्ट नाही, आणि ती टाळणे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. डावी कूस ढोलासारखी ताणली असेल आणि श्वास कोंडत असेल तर मात्र तेलाच्या गुणाची वाट पाहू नये. गळ्याला सूज येऊन घरघर लागणे, पाणमोट फुटून दोन तास झाले तरी वासरू न येणे, सर्पदंश, या प्रसंगीही रात्र काढणे म्हणजे जनावर गमावणे होय. राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. फोन करण्यापूर्वी तापमान, शेवटचे खाणे, शेणाचे स्वरूप आणि व्यायल्याची तारीख कागदावर टिपून ठेवावी.

दुभत्या गाईच्या बाबतीत गुपचूप नुकसान करणारा रोग म्हणजे कासदाह. सडातून गाठी पडू लागण्यापूर्वीच दूध घटू लागते आणि मालक खाद्याला दोष देत राहतो. याची चाचणी घरी होते. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवावी. प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगवेगळ्या वाटीत घेऊन तितकेच हे द्रावण मिसळावे व हलवावे. मिश्रण चिकट, शेंबडासारखे झाले तर त्या सडात रोग आहे. हे दूध अर्थातच फेकून द्यावयाचे. दूध काढल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडे राहते, म्हणून गाईपुढे वैरण टाकून तिला अर्धा तास उभी ठेवावी. शेणात लगेच बसू देऊ नये.

आता खर्चाची गोष्ट. डॉक्टर आल्यावर पैशाविषयी बोलण्यास पुष्कळ जण संकोचतात आणि मागाहून उपचार अर्ध्यावर सोडतात. यापेक्षा पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात: रोग कोणता, गुण येण्याची आशा कितपत, आणि एकूण खर्च किती येईल. आपल्याला किती झेपेल तेही स्पष्ट सांगावे. चांगला पशुवैद्यक त्याप्रमाणे मार्ग सुचवितो. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात अल्प शुल्कात उपचार होतात. चालते जनावर तेथे नेणे पुष्कळदा परवडते. दुकानदाराच्या सल्ल्याने प्रतिजैविकाची सुई आणून टोचणे ही काटकसर नव्हे. मात्रा अपुरी पडते, रोग दबून पुन्हा उसळतो, आणि औषधाचा अंश दुधातून घरच्या मुलांच्या पेल्यात जातो. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस दूध वापरू नये, हे विचारून घ्यावे. वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक कोणी सुचविल्यास नाकारावे. त्यामुळे गिधाडे मरतात असे आढळल्यावर 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

सर्वांत स्वस्त औषध लस हेच आहे. बुळकांडीने दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्याच्या गोष्टी वृद्धांनी ऐकलेल्या असतील. 1954 साली देशात तिच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि 2011 मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. हे लसीने घडले. लाळ्या-खुरकुताची लस 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली विनामूल्य टोचली जाते. लसीनंतर एक-दोन दिवस दूध घटते म्हणून पथक आले की गाय रानात नेणारे लोक आहेत. पण खुरकूत होऊन गेलेली संकरित गाय पुढे उन्हात धापा टाकीत राहते आणि त्या वेताचे दूध बहुधा पूर्ववत होत नाही. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी द्यावयाच्या, शेळ्यांना आंत्रविषाराची लसही त्याच सुमारास. ग्रामसेवकांनी वस्तीवार यादी करून पथकाचा दिवस आधी कळविला तर एकही दावण सुटू नये.

राहता राहिला राखणीचा कुत्रा. त्याला कांदा-लसणाचे कालवण घालू नये. शिजविल्याने कांद्याचे विष जात नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी व पुढे दरवर्षी ती द्यावी. बिबट्याचा वावर असलेल्या या भागात रात्री कुत्रा उघड्यावर बांधणे म्हणजे त्याला पळण्याचीही संधी न ठेवणे. त्याला बंदिस्त जागी घ्यावे. पिसाळलेले कुत्रे गाईला चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. गाईला त्याच दिवशी लस सुरू करावी. गाय लाळ गाळते, घोगरी हंबरते, गिळू शकत नाही, हे पाहून घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणारे पशुपालक आपला जीव धोक्यात घालतात. कांदा अडकल्याची लक्षणे आणि ही लक्षणे वरवर सारखीच असतात. म्हणून शंका असेल तेथे हात न घालता डॉक्टरांना बोलवावे. ज्याचा हात आधीच लाळेला लागला असेल त्याने तो धुऊन लगेच आरोग्य केंद्र गाठावे. माणसात या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपचार नाही.