लिनक्स प्रणालीत पेनड्राइव्ह न उघडण्याची कारणमीमांसा

विंडोजवर उघडणारा पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडला नाही, की तो निकामी ठरवून फॉरमॅट करण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यात संशोधनाची आकडेवारी नाहक गमावली जाते.

'माउंट करणे' म्हणजे साधनावरील फाइल-प्रणाली लिनक्सच्या निर्देशिकावृक्षाला जोडणे होय. त्यापूर्वी कर्नलने साधन ओळखलेले असावे लागते. म्हणून प्रथम टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी. यादीत साधनच नसेल, तर दोष पोर्ट, हब किंवा खुद्द पेनड्राइव्हमध्ये शोधावा.

साधन दिसते, परंतु जोडले जात नाही, ही स्थिती अधिक विचारणीय आहे. अशा वेळी 'डीएमईएसजी' या आज्ञेने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. एनटीएफएस पद्धतीचा पेनड्राइव्ह विंडोजमधून 'सेफली रिमूव्ह' न करता उपसल्यास त्यावर 'डर्टी' ही खूण राहू शकते. २०२१ मध्ये कर्नल ५.१५ त समाविष्ट झालेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर अशी खूण आढळल्यास जोडणी नाकारतो. वापरकर्त्यास हा अडथळा वाटतो. वस्तुतः ते संरक्षण आहे. 'फोर्स' पर्यायाने नकार डावलता येतो, तथापि विसंगत रचनेवर लेखन झाल्यास हानी वाढते. विंडोजवर 'चेकडिस्क' चालविणे हाच इष्ट मार्ग होय. एक्सफॅटची अडचण किरकोळ आहे: कर्नल ५.४ (२०१९) पूर्वीच्या आवृत्तींत त्यासाठी स्वतंत्र पॅकेज बसवावे लागते.

नोंदींत 'आय/ओ एरर' वारंवार येत असेल, तर मात्र दुरुस्तीची घाई करू नये. प्रथम 'डीडीरेस्क्यू'ने संपूर्ण साधनाची प्रतिमा घ्यावी आणि पुढील प्रयोग तिच्या प्रतीवरच करावेत.